हंगाम संपला की कामावर

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमध्ये जुन्या खेळाडूंची आठवण निघते, तेव्हा ती बहुधा एका ठरावीक पिढीची असते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले किंवा युद्धाच्या काळात वाढलेले आणि १९४६ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मैदान गाजवलेले हे लोक. जॉनी युनायटस, चक बेडनरिक, फ्रँक गिफर्ड, जिम ब्राउन, वाय. ए. टिटल, बार्ट स्टार ही त्यांतली मोठी नावे. गेल्या पंचवीस वर्षांत यांतले बहुतेक जण गेले. प्रत्येकाच्या मृत्यूनंतर जे लिहिले-बोलले गेले त्यात एक सूर कायम होता: असे खेळाडू आता होणे नाही. हा हळवेपणा कुठून आला, त्यात खरे किती आणि सोयीने विसरलेले किती, हे समजण्यासाठी त्या पिढीची मिळकत, तिचा शेजार आणि तिच्या शरीरांचे पुढे काय झाले, हे सगळेच पाहावे लागते.

हा खेळ पायाने खेळायच्या फुटबॉलहून वेगळा आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला चेंडू. चेंडू हाती असलेल्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. अडवायचे ते अंगावर आदळून, धरून, खाली पाडून. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो किंवा दुसऱ्याच्या हाती देतो आणि त्याच्यापुढे उभी राहिलेली लाइनमनची फळी त्याला सांभाळते. महाविद्यालयांमध्ये हा खेळ एकोणिसाव्या शतकातच रुजला होता आणि प्रतिष्ठाही त्याला तिथेच होती. पैसे घेऊन खेळणे हलके मानले जाई. १९२० मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी, एका मोटारविक्रीच्या दुकानात काही संघचालक जमले आणि त्यांनी लीग स्थापन केली. तिलाच १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हे नाव मिळाले. पहिली पंचवीस वर्षे ही लीग कशीबशी तगली. लहान गावांतले संघ निघत आणि बुडत. बेसबॉलच्या मानाने या खेळाला वृत्तपत्रांत जागा थोडी आणि तिकीटखिडकीवर गर्दीही थोडी.

युद्धानंतर चित्र बदलू लागले. सैन्यातून सुटलेल्या तरुणांना सरकारी मदतीने महाविद्यालयात शिकता आले आणि त्यांतले अनेक जण तिथून व्यावसायिक संघांत आले. बेडनरिक हा पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम या पोलादनगरीतला, स्लोव्हाक स्थलांतरितांचा मुलगा. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला. युद्धात तो बी-२४ बाँबफेकी विमानावर तोफची होता आणि त्याने तीस मोहिमा केल्या. बाल्टिमोर कोल्ट्सचा जिनो मार्चेट्टी युरोपातल्या ‘बल्ज’च्या लढाईत होता, तर त्याचा सहकारी आर्ट डोनोव्हन पॅसिफिकमध्ये मरीन दलात. पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्याने तर या खेळाला खेळाडू पुरवण्याचा जणू वसाच घेतला होता. युनायटस पिट्सबर्गचा, जॉर्ज ब्लँडा यंगवुडचा, पुढच्या पिढीतला जो नेमथ बीव्हर फॉल्सचा. या भागात मुलगा दांडगा निघाला तर त्याच्यापुढे खाण, भट्टी किंवा फुटबॉल एवढेच रस्ते दिसत. आठवड्याला एकदा चिखलात अंग ठेचून घेणे ही त्यांच्या घरच्या कष्टांपुढे फार मोठी गोष्ट नव्हती.

युनायटसची सुरुवात या पिढीची कहाणी थोडक्यात सांगते. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत निवडले आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरी पाठवले. त्याने बांधकामावर काम धरले आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या स्थानिक संघाकडून सामन्याला काही डॉलर घेऊन खेळत राहिला. पुढच्या वर्षी कोल्ट्सने त्याला चाचणीसाठी बोलावले. पहिला करार झाला तो वर्षाला ७,००० डॉलरचा. पोलादाच्या कारखान्यातल्या कुशल कामगारापेक्षा ही कमाई फार मोठी नव्हती, आणि ज्याला ती मिळाली तो पुढे आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक मानला गेला. सामान्य लाइनमनला काय मिळत असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

म्हणूनच हंगाम संपला की कामावर जायचे, हा या पिढीचा रिवाज होता. सामने सप्टेंबर ते डिसेंबर चालत. उरलेल्या महिन्यांत घर चालवायला दुसरे काम लागे. बेडनरिक काँक्रीट विकत असे, आणि त्यावरूनच ‘काँक्रीट चार्ली’ हे त्याचे टोपणनाव पडले. लोकांना ते त्याच्या खेळावरून पडले असे वाटे, पण मूळ त्याच्या धंद्यात होते. डोनोव्हन दारूच्या कंपनीचा विक्रेता होता, तर टिटल विम्याच्या व्यवसायात. मार्चेट्टी आणि ॲलन अमीची यांनी मित्रांसह हॅम्बर्गरचे दुकान काढले. ‘जिनोज’ या नावाने त्याच्या पुढे तीनशेहून अधिक शाखा झाल्या. ग्रीन बे पॅकर्सचा विली डेव्हिस खेळत असतानाच शिकागो विद्यापीठात व्यवस्थापनाचे उच्चशिक्षण घेत होता. ते त्याने १९६८ मध्ये पूर्ण केले. सर्वांत विलक्षण उदाहरण क्लीव्हलँड ब्राउन्सच्या फ्रँक रायनचे. डिसेंबर १९६४ मध्ये त्याने संघाला २७-० असे अजिंक्यपद मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी राइस विद्यापीठातून गणितातली डॉक्टरेट घेतली. हंगामाबाहेर तो महाविद्यालयात गणित शिकवीत असे.

आज या आठवणींत जो जिव्हाळा दिसतो, त्याचे मूळ याच व्यवस्थेत आहे. रविवारी मैदानावर पाहिलेला माणूस सोमवारी दुकानात, विम्याच्या कचेरीत किंवा चर्चच्या जेवणावळीत भेटत असे. त्याचे घर त्याच वस्तीत, मुले त्याच शाळेत. त्याचा पगार प्रेक्षकाच्या पगारापेक्षा थोडाच जास्त असल्यामुळे दोघांच्या जगण्यात फारसे अंतर नव्हते. ही जवळीक कोणी ठरवून निर्माण केली नव्हती. संघमालक पैसे कमी देत, म्हणून ती निर्माण झाली. खेळाडूंना स्वतःला ही व्यवस्था मुळीच रम्य वाटत नव्हती. १९५६ मध्ये त्यांनी संघटना उभारली तेव्हाच्या मागण्या पाहिल्या की हे कळते: वर्षाला किमान ५,००० डॉलर पगार, बाहेरगावच्या सामन्यांसाठी सर्वांना सारखा दैनिक भत्ता, खेळाचे साहित्य संघाच्या खर्चाने, आणि दुखापत झालेल्याचा पगार चालू ठेवणे. इतक्या साध्या गोष्टीही तोवर हक्काच्या नव्हत्या. १९५७ मध्ये रॅडोविच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनएफएलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा कुठे मालकांनी संघटनेशी बोलायला सुरुवात केली.

या पिढीच्या आठवणींतला दुसरा मोठा धागा सहनशक्तीचा. १९४० च्या दशकापर्यंत बदली खेळाडूंवर कडक मर्यादा असत. त्यामुळे तेच अकरा जण चढाईलाही उभे राहत आणि बचावालाही, पूर्ण साठ मिनिटे. युद्धात माणसे कमी पडू लागली म्हणून १९४३ मध्ये नियम सैल झाला आणि १९५० पासून अमर्याद बदलीची मुभा कायमची मिळाली. चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, अशी विभागणी झाली आणि साठ मिनिटांचा खेळाडू दिसेनासा झाला. अपवाद उरला तो बेडनरिकचा, आणि तोही योगायोगाने. १९६० मध्ये तो पस्तिशीचा होता, निवृत्तीच्या बेतात होता आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडून फक्त चढाईच्या फळीत मध्यभागी खेळत होता. बचावातला बॉब पेलेग्रिनी जखमी झाला, तेव्हा प्रशिक्षक बक शॉ यांनी बेडनरिकला त्याच्या जागी उतरवले. हंगामाच्या उत्तरार्धात मोक्याच्या सामन्यांत तो दोन्हीकडे खेळला.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला यांकी स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा फ्रँक गिफर्ड चेंडू झेलून वळत असताना बेडनरिक त्याच्यावर आदळला. गिफर्ड बेशुद्ध पडला, चेंडू सुटला आणि ईगल्सचा विजय पक्का झाला. आडव्या पडलेल्या गिफर्डजवळ मूठ उगारून उभा असलेला बेडनरिक, हे छायाचित्र या खेळाच्या इतिहासातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी एक आहे. मूठ विजयाच्या आनंदाने उगारली होती, गिफर्डला हिणवण्यासाठी नव्हे, असे बेडनरिक जन्मभर सांगत राहिला. गिफर्डने तो हंगाम गमावला, पुढचाही गमावला आणि १९६२ मध्ये तो परतला. त्या धडकेनंतर महिनाभराने, २६ डिसेंबर १९६० ला, फ्रँकलिन फील्डवर ईगल्सने ग्रीन बे पॅकर्सला १७-१३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. अखेरच्या क्षणी पॅकर्सचा जिम टेलर गोलरेषेकडे धावत होता. बेडनरिकने त्याला दहा यार्डांच्या आत धरून पाडले आणि घड्याळ संपेपर्यंत उठू दिले नाही. त्या सामन्यात तो जवळजवळ पूर्ण वेळ मैदानावर होता. अजिंक्यपदाच्या लढतींत पॅकर्सचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांचा तो एकमेव पराभव. बेडनरिकची आठवण ‘शेवटचा साठ मिनिटांचा माणूस’ अशी राहिली. आधीच मावळलेल्या प्रथेचा तो शेवटचा मानकरी होता, आणि त्या काळीसुद्धा लोकांनी त्याच्याकडे काहीशा हुरहुरीने पाहिले.

तरीही या हळव्या आठवणींची राजधानी म्हणायची तर ती बाल्टिमोर. बंदर, पोलाद आणि विटांच्या लांबलचक रांगघरांचे हे शहर वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये दबल्यासारखे होते. १९५३ मध्ये कोल्ट्स संघ नव्याने उभा राहिला आणि शहराला स्वतःची ओळख मिळाली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चाहत्यांची मंडळे निघाली, संघाचा स्वतःचा बँड होता आणि तेहतिसाव्या रस्त्यावरच्या मेमोरियल स्टेडियमला लोक चालत जात. २८ डिसेंबर १९५८ रोजी यांकी स्टेडियममध्ये कोल्ट्स आणि जायंट्स यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. चौथ्या सत्राच्या शेवटी कोल्ट्स तीन गुणांनी मागे होते. जायंट्सना चेंडू राखण्यासाठी थोडेच अंतर हवे असताना मार्चेट्टीने गिफर्डला अडवले, पण त्या रेटारेटीत त्याचाच पाय मोडला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो कडेने सामना पाहत राहिला. चेंडू परत मिळाल्यावर युनायटसने रेमंड बेरीला एकामागून एक पास दिले आणि सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायराने चेंडू लाथाडून १७-१७ अशी बरोबरी साधली. अजिंक्यपदाचा सामना वाढीव वेळेत जाण्याची ती पहिलीच खेप. युनायटसने संघाला पुन्हा मैदानभर नेले आणि अमीचीने एका यार्डावरून गोलरेषा ओलांडली: २३-१७. बेरीने त्या दिवशी बारा पास झेलले, १७८ यार्डांचे. विजयी संघाच्या प्रत्येक खेळाडूला त्या सामन्याचा वाटा मिळाला तो सुमारे ४,७०० डॉलर; काहींच्या वर्षाच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त.

सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला असे मानले जाते. बाल्टिमोरच्या विमानतळावर हजारोंचा जमाव संघाला घ्यायला आला. त्या रात्रीपासून युनायटसचे काळे उंच बूट, बारीक कापलेले केस आणि गर्दीतही न डळमळणारी चाल हे त्या शहराच्या अभिमानाचे चिन्ह बनले. बॅरी लेव्हिन्सन यांच्या १९८२ च्या ‘डायनर’ या चित्रपटात एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूची कोल्ट्सविषयी परीक्षा घेतो आणि ती उत्तीर्ण झाली तरच लग्न करीन म्हणतो. हा प्रसंग १९५९ च्या बाल्टिमोरमध्ये घडतो आणि तिथल्या लोकांना त्यात फारशी अतिशयोक्ती वाटली नाही.

पण हा शेजार सर्वांचा नव्हता. त्याच कोल्ट्समधले लेनी मूर, जिम पार्कर आणि ‘बिग डॅडी’ लिप्सकोम हे कृष्णवर्णीय खेळाडू सामना जिंकून दिल्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर शहरातल्या अनेक उपाहारगृहांत बसू शकत नव्हते, चित्रपटगृहांत जाऊ शकत नव्हते. दक्षिणेकडच्या राज्यांत सराव सामने असले की त्यांची राहण्याची सोय वेगळ्या वस्तीत होई. मूरने उत्तरायुष्यात हे सारे स्पष्ट सांगितले आणि लिहिले. मैदानावर एकजीव असलेला संघ मैदानाबाहेर दोन शहरांत विभागलेला होता. या पार्श्वभूमीवर ‘खेळाडू आपल्यात राहत’ या वाक्यातला ‘आपल्यात’ कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.

लीगचा इतिहासही याच प्रकारचा. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजेलिसचे सार्वजनिक मैदान हवे होते आणि तिथे वर्णभेदाविरुद्ध दबाव आला, म्हणून १९४६ मध्ये रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड यांना घेतले. त्याच वर्षी दुसऱ्या एका लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्सने मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतले. वॉशिंग्टनचा संघ, जो तेव्हा रेडस्किन्स म्हणून ओळखला जाई, १९६२ पर्यंत पूर्ण गोरा राहिला. त्याचे नवे मैदान संघराज्य सरकारच्या जमिनीवर होते. गृहखात्याचे मंत्री स्टुअर्ट युडॉल यांनी ते वापरू न देण्याचा इशारा दिला, तेव्हा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल नमले आणि बॉबी मिचेल संघात आला. दार उघडल्यावरही क्वार्टरबॅकसारख्या जागा कृष्णवर्णीयांना मिळत नसत. त्या जागेला लागणारी बुद्धी त्यांच्याकडे नाही, हा समज पुढेही अनेक वर्षे टिकला. त्या काळाचा सर्वांत समर्थ धावपटू जिम ब्राउन याने नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड धावून १९६६ मध्ये, तिशीत, भरात असताना खेळ सोडला आणि कृष्णवर्णीयांच्या उद्योगांना बळ देणारी संघटना उभारली. मालकाच्या मर्जीवर राहायचे नाही, हे त्याने फार लवकर ठरवले होते.

ही व्यवस्था मोडली ती दूरचित्रवाणीच्या पैशाने. १९६० मध्ये पीट रोझेल लीगचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी लामार हंट यांच्या पुढाकाराने अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संस्था खेळू लागली. १९६१ च्या कायद्याने सर्व संघांचे प्रक्षेपणहक्क एकत्र विकण्याची परवानगी मिळाली. १९६२ चा सीबीएस वाहिनीबरोबरचा करार वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा होता आणि ती रक्कम चौदा संघांत समान वाटली गेली. साठ हजारांच्या आसपास वस्तीचे ग्रीन बे न्यूयॉर्कच्या बरोबरीने टिकले ते या वाटणीमुळे. दोन लीगच्या चढाओढीत खेळाडूंचे भाव वाढले. १९६५ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथशी ४,२७,००० डॉलरचा करार केला. जानेवारी १९६९ मध्ये, तिसऱ्या सुपर बोलपूर्वी, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या लढतीपूर्वी, नेमथने विजयाची जाहीर हमी दिली आणि जेट्सने बाल्टिमोर कोल्ट्सना १६-७ असे हरवले. त्या दिवशी जखमी हाताने शेवटी मैदानात उतरलेला युनायटस आणि लांब केसांचा, फर कोटातला नेमथ, या दोघांत लोकांना दोन युगे समोरासमोर दिसली. १९७० पर्यंत दोन्ही लीग एक झाल्या. पुढच्या दोन दशकांत पगार वाढत गेले, बारमाही व्यायाम आणि तयारी सक्तीसारखी झाली आणि हंगामाबाहेरची नोकरी संपली. २०२१ मध्ये झालेले प्रक्षेपणकरार अकरा वर्षांसाठी ११० अब्ज डॉलरच्या वर गेले. २०२३ मध्ये नवख्या खेळाडूचा किमान पगारच साडेसात लाख डॉलर होता. जुन्या पिढीतला लाइनमन ११० किलोच्या आसपास असे. आता तो १४० किलोचा असतो. असा माणूस बाजारात भेटला तरी शेजारी वाटत नाही.

जुन्या पिढीची आठवण जपण्याची साधने नेमकी याच वळणावर तयार झाली, ही गोष्ट या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. ज्या पैशाने ती पिढी मागे पडली, त्याच पैशाने तिची स्मारके उभारली. १९६३ मध्ये कँटनला व्यावसायिक फुटबॉलचे गौरवदालन उघडले आणि पहिल्या सतरा मानकऱ्यांत जिम थॉर्प, रेड ग्रेंज अशी नावे आली. त्याच सुमारास एड सॅबोल यांचे काम सुरू झाले. आधी ते ओव्हरकोटच्या धंद्यात होते आणि हौस म्हणून मुलाच्या शाळेतले सामने चित्रित करीत. १९६२ च्या अंतिम सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क त्यांनी ३,००० डॉलरना घेतले. रोझेल यांनी पुढे संघांना पटवून ही कंपनी लीगच्या छत्राखाली आणली आणि ती ‘एनएफएल फिल्म्स’ झाली. एड आणि त्यांचे कलेचे शिक्षण घेतलेले पुत्र स्टीव्ह यांनी वृत्तपटाची रीत सोडली. मंद गतीची दृश्ये, तोंडातून निघणारी वाफ, चिखलाने माखलेले हात, वाद्यवृंदाचे गंभीर संगीत आणि फिलाडेल्फियाचे वृत्तनिवेदक जॉन फॅसेंडा यांचा खर्जातला आवाज. प्रत्येक सामना लढाईसारखा आणि प्रत्येक खेळाडू वीरासारखा दिसू लागला. कालचा सामना आज पाहताना तो फार जुन्या काळात झाल्यासारखा वाटावा, ही त्यांची किमया होती. पुढच्या पिढ्यांनी बेडनरिकला किंवा युनायटसला प्रत्यक्ष पाहिले नाही. त्यांनी सॅबोल पितापुत्रांचे चित्रपट पाहिले.

छायाचित्रांनीही हेच केले. २० सप्टेंबर १९६४ रोजी पिट्सबर्गमध्ये स्टीलर्सच्या जॉन बेकरने जायंट्सच्या टिटलला इतक्या जोराने पाडले की त्याचे शिरस्त्राण उडाले. गुडघे टेकून बसलेला, टक्कल पडलेला, डोक्यावरून रक्ताचे ओघळ आलेला टिटल ‘पोस्ट-गॅझेट’च्या मॉरिस बर्मन यांनी टिपला. त्यात खेळाची हालचाल नाही, म्हणून त्यांच्याच वृत्तपत्राने ते छापले नाही. टिटलचा तो अखेरचा हंगाम होता आणि हेच छायाचित्र पुढे गौरवदालनाच्या भिंतीवर गेले. ग्रंथही आले. पॅकर्सच्या जेरी क्रेमरने डिक शाप यांच्यासह १९६८ मध्ये ‘इन्स्टंट रिप्ले’ ही रोजनिशी काढली. १९६७ च्या शेवटच्या दिवशी उणे पंचवीस अंश सेल्सियसमध्ये डॅलसविरुद्ध जिंकलेला सामना तिच्यात आला आणि अजरामर झाला. मायरन कोप यांनी १९७० मध्ये लीगच्या आरंभकाळातल्या वृद्ध खेळाडूंच्या मुलाखतींचे पुस्तक केले. आर्ट डोनोव्हन तर १९८० च्या दशकात रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांत जुन्या गोष्टी सांगून नव्याने लोकप्रिय झाला. बिअर, स्वस्त हॉटेले आणि फुटलेली नाके यांच्या त्याच्या गोष्टी ऐकून प्रेक्षक हसत. त्या हसण्यात प्रेम होते, पण दुखण्याचा हिशेब त्यातून निसटून जाई.

तो हिशेब शेवटी डॉक्टरांनी आणि वकिलांनी मांडला. निवृत्तिवेतनाची पहिली योजना १९५९ मध्ये आली आणि त्याच वर्षी फ्रँकलिन फील्डवर सामना पाहताना मृत्यू आलेले आयुक्त बर्ट बेल यांचे नाव तिला देण्यात आले. त्याआधी निवृत्त झालेले खेळाडू मात्र जवळजवळ तीन दशके तिच्याबाहेर राहिले. युनायटसच्या उजव्या कोपराला १९६८ मध्ये दुखापत झाली होती. म्हातारपणी ज्या हाताने त्याने इतिहास घडवला त्या हाताने त्याला साधी वस्तूही नीट धरता येत नव्हती. लीगच्या अपंगत्व योजनेतून त्याला लाभ मिळाला नाही. ११ सप्टेंबर २००२ रोजी तो हृदयविकाराने गेला. त्याच महिन्यात पिट्सबर्गमध्ये पुढच्या पिढीतला माइक वेब्स्टर वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार त्यात आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. लीगने बरीच वर्षे हे निष्कर्ष फेटाळले.

कोल्ट्सचा जॉन मॅकी याची कहाणी या सगळ्याला जोडते. दोन्ही लीग एक झाल्यावर तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. करार संपला तरी खेळाडूला मोकळेपणी दुसरीकडे जाऊ न देणारा नियम त्याने न्यायालयात आव्हान देऊन १९७६ मध्ये पाडला. आज खेळाडू श्रीमंत आहेत, त्याचे एक मूळ या निकालात आहे. साठीच्या आतच मॅकीला स्मृतिभ्रंशाने गाठले. त्याच्या पत्नीने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून हा आजार कुटुंबाला कसा धुऊन नेतो ते सांगितले. त्यातून २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत मदत देणारी योजना निघाली. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक ८८, म्हणून तिचे नाव ‘८८ प्लॅन’. २०११ मध्ये तो गेला आणि त्याच्याही मेंदूत सीटीई आढळला.

२०१५ मध्ये बेडनरिक आणि गिफर्ड दोघेही गेले, मार्चमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरा. ते जुने छायाचित्र पुन्हा सगळीकडे छापले गेले. नोव्हेंबरमध्ये गिफर्डच्या कुटुंबाने जाहीर केले की त्याच्या मेंदूत सीटीई सापडला आहे. बेडनरिकच्या कुटुंबीयांनीही त्याच्या अखेरच्या काळातल्या स्मृतिभ्रंशाचा संबंध खेळातल्या आघातांशी जोडला. आता त्या छायाचित्राकडे फक्त पराक्रमाचे चित्र म्हणून पाहणे कुणाला शक्य नाही. या खेळाडूंवर खरे प्रेम करणाऱ्याने त्यांच्या धैर्याबरोबर हे नुकसानही लक्षात ठेवायला हवे. त्यांनी ते जाणूनबुजून पत्करले नव्हते, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

बाल्टिमोरने तर संघच गमावला. २९ मार्च १९८४ च्या पहाटेपर्यंत मालक रॉबर्ट इर्से यांनी मेफ्लॉवर कंपनीच्या ट्रकांमध्ये सामान भरून कोल्ट्सना इंडियानापोलिसला नेले. बँडने आपले पोशाख वाचवले आणि संघ नसलेल्या शहरात पुढची बारा वर्षे वाजवणे चालू ठेवले. युनायटसने नव्या शहरातल्या कोल्ट्सशी संबंध नाकारला. १९९६ मध्ये शहराला रेव्हन्स हा नवा संघ मिळाला, तेव्हा युनायटस त्यांच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभा राहू लागला. त्यांच्या स्टेडियमसमोर त्याचा पुतळा आहे. मेमोरियल स्टेडियम मात्र २००२ पर्यंत पाडून झाले होते.

बेडनरिक आणि गिफर्ड यांच्यानंतर लोम्बार्डींच्या पॅकर्सची फळीही थोड्या अवधीत रिकामी झाली: २०१८ मध्ये जिम टेलर, २०१९ मध्ये फॉरेस्ट ग्रेग आणि बार्ट स्टार, २०२० मध्ये विली वूड, विली डेव्हिस, हर्ब ॲडरली आणि पॉल हॉर्नंग. पहिल्या सुपर बोलला कलाटणी देणारा झेल घेतलेल्या विली वूडला अखेरच्या वर्षांत तो सामना आपण खेळलो हेही आठवत नव्हते. दरम्यान, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारात १९९३ पूर्वीच्या खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी ६२ कोटी डॉलरचा निधी ठेवला गेला होता. २०२० च्या करारात ही रक्कम आणखी वाढली आणि चार हंगामांची अट पुरी न करू शकलेले, तीन हंगाम खेळलेले जुने खेळाडूही प्रथमच निवृत्तिवेतनाच्या योजनेत आले.